कलमाच्या जोडाखालची फूट: परसातला हापूस रायवळ होऊ नये म्हणून

हापूसचं कलम म्हणून लावलं, वर्षानुवर्षं पाणी घातलं, आणि झाड धरायला लागलं तेव्हा हाती आली ती रेषाळ, आंबट बिटकी. असं एखादं परसातलं झाड कोकणात कुठल्याही गावात दाखवता येईल. दोष नर्सरीच्या माथी जातो, आणि कधी तो खराही असतो. पण अशा झाडाच्या बुंध्याशी बसून माती आणि पालापाचोळा बाजूला सारला, तर बऱ्याच वेळा वेगळीच हकिगत समोर येते. जमिनीलगत अंगठ्याएवढा वाळका थोटा उभा असतो आणि त्याच्या खालून बाजूला फुटलेला धुमारा आता झाड झालेला असतो. वाळून गेला तो हापूस. आपण पाणी घातलं ते रायवळाला, म्हणजे कोयीपासून उगवलेल्या गावठी आंब्याला.

हा धुमारा वेळेत दिसला तर नखानेही निघतो. दोन वर्षं राहिला तर कात्री लागते, पाच वर्षं राहिला तर करवत, आणि त्यानंतर बहुधा वाचवण्यासारखं वर काही उरत नाही.

एका बुंध्यावर दोन झाडं

आज परसात लावायला मिळणारी आंब्याची कलमं बहुतेक कोय कलमं असतात. पावसाच्या तोंडाला रायवळाच्या कोयी रुजत घालतात. रोप दोनेक आठवड्यांचं झालं, पानं तांबूस आणि कांडं कोवळं आहे तोवरच त्याचा शेंडा कोयीच्या वर चार बोटांवर कापतात, मधोमध चीर देतात आणि तीन-चार महिने वयाची हापूसची काडी खालून पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतात. वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळतात. जुन्या बागांतली झाडं भेट कलमाची आहेत. त्यात कुंडीतलं रायवळाचं रोप हापूसच्या फांदीजवळ नेऊन, दोघांची साल तासून, ती एकमेकांना बांधून ठेवत. रीत कोणतीही असली तरी जोडाच्या खाली रायवळ आणि वर हापूस, हे झाड उभं आहे तोवर बदलत नाही. मुळांनी ओढलेलं पाणी वर जातं, पानांनी केलेलं अन्न खाली येतं, पण जात मिसळत नाही. जोडाच्या बोटभर खालून आलेली फूट रायवळ, बोटभर वरून आलेली हापूस.

रायवळाबद्दल आकस नको. जांभ्या दगडाच्या फटीत सोटमूळ घालून, वैशाखातही तग धरून वरच्या हापूसला जगवतं ते रायवळच. लोणच्याला कैरी, आंबोशी, साटं, चोखून खायचा आंबा हे सगळं त्याच्याकडूनच येतं. ज्याला रायवळ हवं त्याने कुंपणाला वेगळी कोय जरूर रुजवावी. हापूसच्या बुंध्यावर मात्र त्याला पानभरही जागा देऊ नये. ‘एकाच झाडावर दोन प्रकारचे आंबे मिळतील’ म्हणून ही फूट राखणारे लोक भेटतात. तसं होत नाही. रायवळाची फूट थेट आपल्याच मुळावर उभी असते, तिच्या वाटेत सांधा नसतो. ती वरच्या कलमापेक्षा जोरात वाढते, त्याच्यावर सावली धरते आणि मुळांचं बळ आपल्याकडे वळवते. शिवाय ती कोयीपासून आलेली, म्हणून फळावर यायलाही तिला कलमापेक्षा बरीच जास्त वर्षं लागतात. मधल्या काळात ना हापूस ना रायवळ.

सफरचंदाच्या मुलखात, हिमाचल-काश्मीरकडे, हा त्रास दुहेरी असतो. तिथे खुंट, म्हणजे जोडाखालचं झाड, बुंध्यावरून फुटतोच, शिवाय त्याची मुळंही जमिनीतून फूट वर काढतात. आपल्याकडे कढीपत्त्याच्या मुळांना ही सवय आहे, आंब्याच्या मुळांना नाही. त्यामुळे आंब्याखाली बुंध्यापासून दूर, सुटं उगवलेलं रोप दिसलं तर ते पडलेल्या कोयीचं आहे. ते उपटून टाका किंवा पिशवीत लावा, मूळ झाडाशी त्याचा संबंध नाही. आपलं लक्ष हवं ते जमीन आणि जोड यांच्या मधल्या खोडाकडे, आणि जमिनीखालच्या चार बोटांकडे.

फूट येते का, ते आधी पाहा

वाढता शेंडा खालच्या डोळ्यांना, म्हणजे फूट येण्याच्या जागांना, दाबून ठेवतो. शेंड्यात तयार होणारा एक द्रव्य खोडातून खाली उतरत असतो आणि त्याच्या धाकाने खालचे डोळे झोपलेले राहतात. शेंडा खुडला, वाळला किंवा नुसता अशक्त झाला की धाक जातो आणि खालचे डोळे जागे होतात. त्यामुळे जोडाखाली एकाएकी पुष्कळ फूट आली तर कात्री उचलण्याआधी मान वर करून कलमाची काय अवस्था आहे ते पाहा.

नव्या लागवडीत पहिलं वर्षभर थोडी फूट येणारच, ती कलम मुळावताना येते. मात्र काही कारणं शोधून दूर केल्याशिवाय फूट थांबत नाही. त्यातलं सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे जोडावर राहिलेली प्लास्टिकची पट्टी. खोड जाड होतं, पट्टी ताणत नाही, ती सालीत रुतते. खाली येणारं अन्न अडतं, जोडाच्या वरच्या अंगाला फुगवटा येतो आणि खालून धुमारे सुरू होतात. कलम आणल्यावर लावताना पट्टी पाहा. जोड भरून आला असेल तर ब्लेडने उभी चीर देऊन ती सोडवा, ओढून काढू नका.

दुसरं कारण म्हणजे पुरलेला जोड. कोय कलमाचा जोड मुळातच जमिनीपासून फार उंच नसतो. लावताना खड्डा नीट भरला नाही तर पहिल्या पावसात माती खचते आणि कलम खाली बसतं. मग दरवर्षी आळं करताना, शेणखत घालताना, भर देताना माती चढत जाते आणि जोड कधी गाडला गेला ते कळतही नाही. गाडलेल्या जोडाखालची फूट जमिनीतून वर येते, तेव्हा ती मूळ खोडाचीच दुसरी फांदी वाटते. यावर साधा उपाय आहे. कलम लावताना त्याच्या शेजारी बांबूची काठी खोल रोवा आणि जोडाच्या उंचीवर काठीला खाच करा. पाच वर्षांनीही ती खाच पाहून जोड कुठे होता ते सांगता येतं. काठी कुजली की बदला, खाच त्याच उंचीला ठेवा. लावताना जोड जमिनीच्या वर, उघडा राहील असं पाहा, आणि पालापाचोळ्याचं आच्छादन खोडापासून वीतभर लांब ठेवा. खोडाला टेकलेला ओला पाचोळा जोड लपवतो आणि वाळवीलाही बोलावतो.

बाकीची कारणं डोळ्यांना दिसतात: गुरांनी किंवा वानरांनी मोडलेला शेंडा, शेंडा पोखरणाऱ्या अळीने सुकवलेली पालवी, सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळी माळावरच्या, वणव्याची धग, ग्रासकटरच्या दोरीने सोललेली साल. ग्रासकटरचं विशेष सांगायला हवं. श्रावण-भाद्रपदात गवत कमरेला लागतं, कलम गवतात दिसत नाही आणि दोरी नेमकी जोडाच्या आसपास साल सोलते. कलमाभोवती हातभर गवत विळ्यानेच काढावं.

जोड शोधणे

लहान कलमात जोड पाहणं सोपं. खोडावर उभी, व्ही आकाराची खूण दिसते, तिथे खोड किंचित वाकडं किंवा फुगलेलं असतं आणि सालीचा रंग वर-खाली वेगळा असतो. भेट कलमात ही खूण लांबट आणि तिरकी असते, आणि जोड बराच वर असतो.

दहा-पंधरा वर्षांच्या झाडात खूण बुजलेली असते. अशा वेळी हाताने, लाकडी पट्टीने किंवा बोथट खुरप्याने बुंध्याभोवतीची माती हळूहळू सारा, पहिली जाड मुळं दिसेपर्यंत. टिकाव घालू नका. बुंधा ओल्या फडक्याने पुसून सकाळच्या तिरक्या उजेडात पाहा. एका ठिकाणी साल अचानक जास्त खडबडीत किंवा जास्त गुळगुळीत होते, घेर वाढतो किंवा कमी होतो. तोच जोड. पाहून झालं की जोडाच्या खालपर्यंतच माती परत लोटा.

आता जी फूट संशयास्पद आहे तिच्यावरून बोट खाली नेत तिचा उगम गाठा. ती जोडाच्या खाली उगवली असेल तर निकाल लागला, पान पाहायची गरजच नाही.

पानावरून ओळखू पाहणारे बरेच असतात, पण आंब्यात पान हा दुय्यम पुरावा आहे. खुंट कोयीपासून येतो, त्यामुळे प्रत्येक खुंट वेगळा. कुणाचं पान अरुंद, कुणाचं रुंद. शिवाय जोमदार फुटीची पानं कोणत्याही जातीत मोठीच येतात. तरी ताडून पाहायला हरकत नाही. वरच्या, खात्रीच्या फांदीवरचं एक जून पान आणि संशयित फुटीवरचं तितकंच जून पान शेजारी ठेवा. कडेची लाट, शिरांचा कोन, देठाची लांबी पाहा, मग दोन्ही चुरगळून वास घ्या. नव्या पालवीचा रंगही दोन्हीकडे एकाच वेळी पाहावा. फरक दिसला तर संशय पक्का होतो, दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही.

जोडाच्या वरून, जाड फांदीच्या पाठीतून सरळ आकाशाकडे धावणारे सोट येतात, विशेषतः मोठी छाटणी केल्यावर. ते हापूसचेच असतात. दाटी करणारे काढा, मोकळ्या जागेतले राखा, पण त्यांना रायवळ समजून सगळे तोडू नका. आणि वर फांदीवर जाड, समोरासमोर पानांचा, नारिंगी-लाल नळीसारख्या फुलांचा झुबका दिसला तर ते बांडगूळ आहे. त्याला फुटल्या जागेच्या फूटभर खालून फांदीसकट काढतात.

काढायचं कसं

कोवळी फूट, म्हणजे जिचं देठ अजून नखाने कापलं जातं ती, हाताने काढा. अंगठा फुटीच्या बुडाशी ठेवून खालच्या दिशेने दाबून ती मोडून घ्या. ती बुडासकट, खाली असलेल्या बारीक डोळ्यांसह निघायला हवी. वरून खुडली तर बुडाला राहिलेल्या डोळ्यांतून एकाच्या जागी तीन येतात. जखम लहान असते, काही लावायची गरज नाही. हे काम भर पावसातही चालतं.

लागवडीची पहिली दोन वर्षं दर पंधरा दिवसांनी कलमाच्या बुंध्यावरून हात फिरवा. मोठ्या बागेत हे जड जातं, परसातल्या दोन-चार झाडांना काहीच वेळ लागत नाही. मृगाच्या सरींनंतर, पाऊस ओसरून ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर, आणि उन्हाळ्यात आळ्यात पाणी सुरू केल्यावर फूट जोरात येते, तेव्हा चुकवू नका. तिसऱ्या वर्षापासून महिन्यातून एकदा पुरे. झाड मोठं होऊन बुंध्यावर सावली पडली की फूट आपोआप कमी होते.

पेन्सिलीएवढी जाड, लाकूड धरलेली फूट ओढून मोडू नका, सालीची पट्टी खालपर्यंत सोलून येते. धारदार छाटणी कात्री घ्या. पाती स्पिरिटने पुसा, एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पुन्हा पुसा. फुटीच्या बुडाशी, ती खोडाला मिळते तिथे, सालीचा किंचित फुगीर गोट असतो. काप त्या गोटाला लागून घ्या: गोट कापायचा नाही, आणि बाहेर थोटूकही ठेवायचं नाही. कात्रीचं धारेचं पातं खोडाच्या बाजूला धरलं की काप जवळून बसतो. फूट जमिनीखालून येत असेल तर आधी माती सारून उगम उघडा करा. मातीच्या पातळीवर छाटलेली फूट म्हणजे नुसतं गवत कापल्यासारखं, महिनाभरात तिथेच झुडूप होतं.

मनगटाएवढी झालेली फूट करवतीने तीन कापांत काढा. पहिला काप बुडापासून वीतभर लांब, खालच्या अंगाने, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. दुसरा त्याच्या किंचित पुढे, वरून, आरपार. फांदीचं वजन गेलं की तिसरा काप गोटाला लागून, नीट. सरळ एकाच कापात गेलात तर फांदी आपल्या भाराने खोडाची साल फाडत खाली येते, आणि ती फाडलेली जागा जोडाला लागूनच असते. काप घेताना चीक डोळ्यांत किंवा अंगावर उडू देऊ नका, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.

अशी मोठी जखम करायला मी ऑक्टोबर-नोव्हेंबर निवडतो. पाऊस ओसरलेला असतो, झाड पालवी देण्याच्या जोरात असतं आणि जखमेला कडेने साल चढू लागते. पावसाच्या सुरुवातीला मोठा काप नको. बुरशी शिरून फांदीमर होते, आणि भिरूडाचे, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किडीचे, भुंगे त्याच सुमाराला बाहेर पडून सालीच्या भेगांत आणि जखमांत अंडी घालतात. खोडाशी भुसा पडलेला दिसला तर भिरूड आत आहे असं समजा. भोक शोधून तारेने अळी काढणं हे मग पहिलं काम, फुटीचं नंतर.

आता अवघड परिस्थिती. वरचं कलम जिवंत आहे पण दुबळं, चार पानांचं, आणि खालचं रायवळ त्याच्या दुप्पट उंच. इथे रागाने सगळं रायवळ एका दिवसात तोडलं तर मुळांना अन्न पुरवणारी बहुतेक पानं एकदम जातात आणि दुबळं कलम तेवढी मुळं पोसू शकत नाही. अशा वेळी टप्प्याने जा. पहिल्या दिवशी रायवळाचे सगळे शेंडे मोडा, म्हणजे त्याची उंची थांबेल, आणि कलमावर पडणाऱ्या त्याच्या फांद्या काढून कलमाला ऊन मिळवून द्या. उरलेली पानं काही काळ मुळं पोसतील. दर दोन-तीन आठवड्यांनी रायवळाचा आणखी थोडा भाग कमी करा. कलमाने नवी पालवी दिली आणि ती जून होऊन हिरवीगार झाली, की राहिलेलं रायवळ बुडापासून काढा. या काळात कलमाला काठीचा आधार द्या, ओलावा तुटू देऊ नका, पण खताचा मोठा डोस देऊ नका. तो रायवळच खातं.

जखमेला बोर्डो पेस्ट

अंगठ्यापेक्षा जाड कापाला बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा मोरचूद-चुन्याचा लेप, लावा. परसापुरती घरी होते: १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम कळीचा चुना, १ लिटर पाणी. अर्ध्या लिटर पाण्यात मोरचूद रात्रभर विरघळत ठेवा, उरलेल्या अर्ध्या लिटरात चुना फोडून निववा आणि गाळा. दोन्ही प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात, लोखंडी बादलीत किंवा अॅल्युमिनियमच्या पातेल्यात मुळीच नको. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत थोडं थोडं ओतत लाकडी काठीने ढवळा. निळं, दाटसर मिश्रण होतं. त्यात घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून काढा. खिळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, आणखी थोडी निवळी घाला. ब्रशने त्याच दिवशी लावून संपवा, शिळी पेस्ट कामाची नाही. मोरचूद विषारी आहे. भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका, मुलं आणि गुरं लांब ठेवा.

काही गोष्टी अजिबात करू नयेत. फुटीवर ग्लायफोसेटसारखं तणनाशक मारू नका. ते पानांतून शोषलं जाऊन खाली मुळांत उतरतं, आणि मुळं त्याच झाडाची आहेत, हापूसही त्यावरच उभा आहे. बुंध्याभोवतीच्या तणावर ते मारतानाही खालच्या फुटीवर तुषार जातात, म्हणून परसात त्याच्या वाटेला न जाणंच बरं. कापलेल्या बुडावर रॉकेल, डिझेल ओतणं किंवा डागणं हेही खोडाची साल मारतं. आणि फूट दिसू नये म्हणून तिच्यावर मातीचा ढीग घालणं तर सर्वांत वाईट, कारण मातीत ती मुळं धरते.

कलम मेलेलं असेल तर

आधी खात्री करा. वरच्या काडीवर, जोडाच्या थोडं वर, नखाने साल खरवडा. खाली हिरवं, ओलं दिसलं तर जीव आहे, थांबा. वरून खाली खरवडत या. काही वेळा शेंडा मेलेला असतो पण जोडाच्या वरचा बोटभर भाग हिरवा असतो, आणि तेवढ्यातून हापूसची फूट येऊ शकते. तपकिरी आणि कोरडं जोडापर्यंत लागलं तर हापूस गेला.

तरी झाड उपटू नका. खाली दोन-तीन वर्षांचं, जागेवर मुरलेलं मूळ आहे. नवं कलम आणून इतकं मूळ करायला तेवढीच वर्षं जातील. फुटींपैकी सर्वांत सरळ, निरोगी आणि जमिनीजवळची एक निवडा, बाकीच्या काढा, मेलेला थोटा कापून पेस्ट लावा. निवडलेली फूट पेन्सिलीएवढी झाली, तिचा शेंडा कोवळा आणि पानं तांबूस असली, की त्यावर जागेवरच मृदुकाष्ठ कलम करा. पावसाळ्यातली दमट हवा याला सगळ्यात चांगली, फक्त मुसळधार पावसाचे दिवस टाळा.

काडी खात्रीच्या, दरवर्षी चांगलं धरणाऱ्या झाडाची घ्या. तीन-चार महिने वयाची, वीतभर लांब, खुंटाच्याच जाडीची. कापण्याआधी आठ-दहा दिवस तिची पानं देठ ठेवून कापून टाका, म्हणजे शेंड्याचा डोळा फुगतो. खुंटाचा शेंडा आडवा कापा, मधोमध दीड इंच खोल चीर द्या, काडी खालून दोन्ही बाजूंनी तेवढीच तासून चिरेत बसवा. जाडी सारखी नसेल तर निदान एका बाजूची साल सालीला मिळायला हवी, सगळं यश तिथे आहे. पट्टीने घट्ट गुंडाळा, वरून लांबट प्लास्टिकची पिशवी टोपीसारखी घालून खाली बांधा. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटतो, मग टोपी काढा. पट्टी जोड पक्का झाल्यावर, दोन-तीन महिन्यांनी. कलम बांधायचा हात नसेल तर गावात कलमं बांधणारा कुणी ना कुणी असतोच, हंगामात त्याला आधीच सांगून ठेवा. या नव्या कलमाचा जोड आधीपेक्षा वर असेल, म्हणजे खाली रायवळाचं खोड जास्त लांब राहील. पहिल्या वर्षी फूट भरपूर येईल, आणि ती काढायची जबाबदारी कलम बांधणाऱ्याची नाही, आपली आहे.

वादळात मोडलेल्या झाडांनाही हाच हिशोब लागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत, आणि मे २०२१ च्या तौक्तेने दक्षिणेकडे किती कलमं मोडून टाकली ते किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. मोडलेल्या बुंध्यांतून पुढे भरगच्च फूट आली. ती पाहून हायसं वाटतं, पण बुंधा जोडाच्या वर मोडला असेल तरच ती हापूसची. भेट कलमाच्या जुन्या झाडात जोड उंच असल्याने मोड खाली झालेला असू शकतो. अशी फूट अजून उभी असेल तर आता तरी उगम तपासा. रायवळ निघालं तर तीन-चार चांगल्या फुटींवर पावसाळ्यात कलमं बांधता येतात.

जुन्या रायवळाच्या फांद्या कापून त्यावर मुद्दाम हापूस किंवा केशर चढवलेलं झाड असेल तर तिथे जोड एक नसतो, प्रत्येक फांदीवर असतो. प्रत्येक जोडाला रंगीत कापडाची सैल पट्टी बांधून ठेवा, आणि तिच्या खालचं सगळं रायवळ समजा. मोठ्या बुंध्यात साठा भरपूर असतो, त्यामुळे अशा झाडाला बरीच वर्षं शिडी लावावी लागते.

आंब्याशिवाय

चिकूचं कलम खिरणीवर म्हणजे रायणीवर बांधतात. इथे पान पुरेसा पुरावा आहे. चिकूचं पान टोकाला निमुळतं, खिरणीचं लहान, जाड, गर्द आणि टोकाला खाच असलेलं. डहाणू-घोलवडकडे शेतकरी ही फूट लांबून ओळखतात. परसात मात्र ती झुडपात मिसळून जाते. खिरणी सावकाश वाढते पण चिवट आहे, म्हणून बुडापासूनच काढा.

काजूच्या वेंगुर्ला जातीचं कलम काजूच्याच रोपावर असतं, तिथे पानावरून काही ठरत नाही, फक्त जागेवरून. काजूला बुंध्याशी जखम शक्य तितकी कमी करा. खोड आणि मूळ पोखरणारी अळी जमिनीलगतच्या सालीतूनच शिरते, तेव्हा काजूची फूट कोवळी असतानाच गेली पाहिजे.

सगळ्यात जास्त फसवतो तो रातांबा, म्हणजे कोकम. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, फळ मादीला येतं. रोप नर निघेल की मादी हे ते फुलेपर्यंत कळत नाही, म्हणूनच मादी झाडाच्या काडीचं कलम घ्यायचं. पण आडव्या फांदीच्या काडीपासून केलेलं कलम आडवंच पसरतं, झुडपासारखं राहतं. त्याच्या खालून खुंटाची फूट येते ती छान सरळ, उभी, कोकमाच्या झाडाला शोभेल अशी. माणूस सहज तिलाच मुख्य खोड समजून आधार देतो आणि आडवं पसरलेलं कलम छाटून टाकतो. पुढे ते झाड नर निघालं तर आमसुलाचं एक फळ मिळत नाही. पोफळीच्या बागेत लावलेल्या जायफळाच्या कलमांचंही हेच आहे: नर-मादी वेगळी, आडव्या काडीचं कलम आडवं, खुंटाची फूट उभी. या दोन्ही झाडांत जी फूट सगळ्यांत देखणी आणि सरळ दिसते, तिच्याच बुडाशी आधी माती उकरून जोड पाहा.